आईनं दाबलेला ब्रेक

तुमच्या घरात जो माणूस गाडी चालवतो, त्याच्या उजव्या पायात नेमका किती जोर आहे, हे तुम्ही कधी तपासलं आहे का? त्याला विचारलं आहे का, असं मी म्हणत नाही. विचारल्यावर तो "भरपूर" म्हणेल. आमचे अण्णाही म्हणायचे. तपासलं आहे का, एवढंच सांगा. आम्ही तपासलं नव्हतं. ज्या घरात साध्या वाक्यालाही पुरावा मागायची सवय होती, त्या घरानं वीस वर्षं उसाचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाच्या पायाला कधी पुरावा मागितला नाही.

सणसरच्या आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या बरोबर खाली एक लोखंडी पेटी. पेटीत पत्रकं. शाळेच्या प्रवेशाची, पाण्याच्या आंदोलनाची, दारूबंदीची, अंगणवाडी सेविकांच्या मोर्चाची, विहारातल्या व्याख्यानांची. आई अंगणवाडी सेविका. तिनं मला पाटीवर अक्षरं शिकवली नाहीत, पत्रकांवर शिकवली. ती भाकरी थापायची आणि मी चुलीसमोर बसून "जाहीर आवाहन" मोठ्यानं वाचायची. भाकरीची थाप आणि माझं वाचन एका ठेक्यात चालायचं, आणि मी अडखळले की थापही थांबायची. गावातली इतर घरं पत्रकात शेंगदाण्याची चटणी बांधून रानात न्यायची. आमच्या घरात तो गुन्हा होता. एकदा अण्णांनी घाईत ठेचा गुंडाळला, तर आईनं रानात जाऊन पत्रक परत आणलं, पुसलं आणि वाळत घातलं. तेलाचा डाग आजही त्या कागदावर आहे.

पत्रक वाचायची आईची पद्धत ठरलेली होती. आधी खालचं नाव बघायचं, मग वरचं वाक्य. हे कोण म्हणतंय? त्यानं स्वतः पाहिलंय का? विहारात धम्मवंदनेत "एहिपस्सिको" हा शब्द आला की ती माझ्याकडे बघून भुवई उडवायची. ये आणि पाहा. नुसता विश्वास ठेवू नकोस. मी तो शब्द इतका मनावर घेतला की कॉलेजात जाईपर्यंत घरादाराला माझा वैताग आला होता. साबणाच्या वेष्टनावर "पाचपट फेस" लिहिलेलं दिसलं की मी दोन वाट्या घेऊन बसायची. जाहिरात म्हणजे साक्षीदाराशिवायची साक्ष, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. ते बदललेलं नाही.

म्हणूनच अमोल माझ्याकडे आला. अमोल माझ्या मामाचा मुलगा. त्याला बारामतीत भाड्याच्या गाळ्यात मोटार शर्यतीच्या खेळाचं दुकान काढायचं होतं. पोरांनी समोर पडदा, हातात चाक आणि पायाखाली पेडल घेऊन बसायचं आणि खऱ्यासारखी गाडी पळवायची. त्यानं चाक आणि तीन पेडलांचा एक संच मागवला होता. अगदी खेळण्यातला नाही आणि शर्यतवाले वापरतात तसला भारीतलाही नाही, मधला. दहा दिवसांत तो परत पाठवता येत होता. पटला तर आणखी तीन मागवायचे. "करुणा, तू तपास आणि दुकानासाठी पत्रक लिही," तो म्हणाला. मी अट घातली, की तपासताना जे दिसेल तेच लिहिणार. "लिही की बाई," तो म्हणाला, "तुला थांबवायला तुझं आईबाप थकलं, मी कोण?"

टेम्पोत संगणक, पडदा आणि ते खोकं घालून तो सणसरला आला, कारण त्याच्याकडची सगळी टेबलं डुगडुगत होती आणि आमच्याकडं अण्णांनी ट्रॉलीच्या जुन्या लोखंडी फाळक्यापासून वेल्डिंग करून घेतलेलं टेबल होतं. ते हलवायला चार माणसं लागायची. दिवाळी तोंडावर होती. त्यानंतर कारखान्याचं गाळप सुरू व्हायचं आणि अण्णा पुन्हा ट्रॅक्टरवर बसायचे. ट्रॅक्टर गावातल्या तात्यांचा, पण त्याची किल्ली आमच्या खुंटीला असायची, लाल रिबिनीला बांधलेली. मागचा हंगाम संपता संपता अण्णांच्या कमरेची नस दबली. दोन महिने ते अंथरुणावर होते. मग उठले, चालले, सायकल मारली. "झालो मी बरा," म्हणाले. तात्या रविवारी त्यांचा होकार घ्यायला येणार होते.

शनिवारी दुपारी आम्ही चाक टेबलाला आवळलं. मी वहीत तीन रकाने पाडले: दावा, तपासणी, साक्षीदार. अमोलनं बटण दाबलं आणि कुणाचाही हात लागलेला नसताना ते चाक आपोआप डावीकडं पूर्ण फिरलं, थांबलं, मग उजवीकडं पूर्ण फिरलं आणि मधोमध येऊन गप्प उभं राहिलं. आईच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

"अगं बया! हे कुणी फिरवलं?"

"आत्या, ते सोताचा मध्य शोधतंय," अमोल म्हणाला. "डाव्या टोकाला जाऊन येतंय, उजव्या टोकाला जाऊन येतंय, मग त्याला मधली जागा कळती."

आई तसबिरीकडं बघत म्हणाली, "आमाला ह्योच मधला मार्ग सांगितलाय. यंत्राला आदी कळला."

मी हसले. खोक्यावर काय काय लिहिलं होतं त्यातलं मी काहीच अजून तपासलं नव्हतं, तरी एक लोखंडी वस्तू काही सांगायच्या आधी स्वतःला तपासून घेते, हे पाहून मला वाटलं, या साक्षीदाराशी जपून बोललं पाहिजे.

अण्णा माझे तज्ज्ञ. त्यांनी चाकावर तळवा फिरवला, चामड्याचा वास घेतला. "लहान हाय. ताटाएवढं." खुर्चीत बसले आणि पेडलावर पाय ठेवताच पेडलांची पाटी गुळगुळीत फरशीवरून सरकून टेबलाखाली गेली. मी लगेच लिहिलं: फरशीवर पेडल टिकत नाही. अण्णा म्हणाले, "घाई नगं करू." त्यांनी परसातून पाटा आणला आणि ट्रॉलीच्या चाकामागं दगड लावतात तसा पेडलांच्या मागं भिंतीला टेकवून लावला. पेडल हललं नाही. मी वहीत भर घातली: मागं दगड हवा.

गाडी सुरू झाली. पडद्यावर दूरदेशीचा कुठलातरी रस्ता होता, दोन्ही कडांना लाल-पांढऱ्या पट्ट्या. चाक त्या पट्टीवर गेलं की अण्णांचे हात थरथरायचे, टेबल थरथरायचं आणि भिंतीवरच्या मांडणीतले पेले किणकिणायचे. शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "पिठाची गिरणी घेतली का रं?" तिसऱ्या वळणावर अण्णांनी वेगात चाक वळवलं आणि गाडी वळायची सोडून सरळच घसरत गेली. गाडी वाळूत पोचायच्या आतच अण्णा म्हणाले, "म्होरचं उचललं."

अमोल उठून उभा राहिला. "मामा, कसं कळलं?"

"हातात हलकं लागलं की. चढाला दोन ट्रॉल्या भरलेल्या असल्या का ट्रॅक्टरचं म्होरलं टायर असंच हलकं हुतं. चाक हातात पोकळ लागतंय. तवा वळवायचं न्हाय. आदी जमिनीला धरू द्यायचं."

"मामा, पुढच्या टायरची पकड सुटली का हे चाक हलकं पडतंय, हे कळायला खेळणाऱ्या पोरांना महिना जातो. तुमाला तिसऱ्या वळणाला कळलं!"

अण्णा लाजले. चाकाकडं बघून म्हणाले, "लहान हाय, पर खोटं न्हाय."

ते वाक्य मी "खऱ्या रस्त्याचा अनुभव" या दाव्यासमोर जसंच्या तसं उतरवलं. कुठल्या परक्या देशात, उसाची मोळी कधी न पाहिलेल्या माणसांनी मोटर आणि पट्टा जोडून एक गोष्ट बनवली होती, आणि ती अंथुर्णे-निरवांगीच्या रानातून ऊस ओढणाऱ्या माझ्या बापाच्या हाताशी त्याच्याच भाषेत बोलत होती. मी कितीतरी वेळ नुसती त्या हातांकडं बघत बसले. वीस वर्षांचं शिक्षण त्या तळव्यांत होतं. त्याचं प्रमाणपत्र कुणी दिलं नव्हतं आणि माझ्या एकाही पत्रकात त्याचा उल्लेख नव्हता.

मग ब्रेक. या संचाचा तोच मोठा दावा होता. "हे पेडल किती खाली गेलं ते मोजत न्हाय," अमोलनं सांगितलं, "तुमी किती जोर लावला ते मोजतंय." पडद्यावर तीन पट्ट्या आल्या, ब्रेकची लाल. पूर्ण जोर लावला की पट्टी वरच्या टोकाला टेकणार.

"दाबा मामा. पुरा."

लाल पट्टी वर चढली आणि निम्म्याच्या खालीच थांबली.

"अजून दाबा."

"झालं की. पुरा दाबलाय."

अमोलनं तारा काढून पुन्हा लावल्या. पट्टी तिथंच. "काल माझ्या पायाला पुरी जात होती," तो चुकचुकला. "कालव्याच्या रस्त्यानं टेम्पो लई आदळला. आत काहीतरी निसटलं." पुन्हा एकदा स्वतः दाबून बघावं, असं त्याला सुचलं नाही. मलाही नाही. आमच्या घरात गाडीच्या बाबतीत अण्णांनी "पुरा" म्हटलं की ते पुरं. साबणाचा फेस वाट्यांत मोजणाऱ्या मी ठळक अक्षरांत लिहिलं: ब्रेक सदोष. साक्षीदार: वीस वर्षांचा अनुभवी ऊस वाहतूक चालक.

तरी अण्णा खेळले. प्रत्येक वळणाला ते ब्रेकवर उभे राहायचे. भरलेल्या ट्रॉल्या थांबवताना ट्रॅक्टरवाले तसेच उभे राहतात, सगळं वजन पायावर टाकून. ते उभे राहिले की खुर्ची मागं सरकायची, लाल पट्टी उशिरा वर जायची आणि तोवर गाडी वाळूत. आम्ही पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते. पुरावा समोर उठबशा काढत होता आणि मी हसत होते.

अमोलनं खोकं पुढं ओढलं. संच परत जाणार हे ठरलं. आई हुलग्याचं माडगं वाट्यांत ओतून घेऊन आली, वाट्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाली, "थांब रं, उद्या जानार हाय तर मी बी दाबून बघती. परत कुठं मिळतंय मला रेसच्या गाडीत बसायला!"

"बसा आत्या, पर पट्टी दावंल त्यावर काय इस्वास न्हाय."

आई म्हणजे पिशवीभर हाडं. नेसूचा पदर खोचून ती खुर्चीत बसली, अनवाणी पाय ब्रेकवर ठेवला आणि दाबला. लाल पट्टी सरळ वरच्या टोकाला जाऊन भिडली आणि तिथंच राहिली.

"लागला की," आई म्हणाली. आणि मग तिचा चेहरा उतरला. आमच्यापैकी सगळ्यांत आधी तिला कळलं.

 अण्णांनी वाटी खाली ठेवली. "पुन्हा दाब."

आईनं पाय ठेवला. या वेळी पट्टी निम्म्यावर गेली आणि थांबली. "बगा," ती म्हणाली, "धरसोडच हाय ह्याचं. यंत्र बिघडलंय."

मी तिच्या पायाकडं बघत होते. तिची बोटं पेडलावर नुसती टेकलेली होती. ज्या बाईनं मला पत्रकाचं तळचं नाव आधी वाचायला शिकवलं, ती माझ्या डोळ्यांसमोर खोटी साक्ष देत होती, नवऱ्यासाठी.

"तसं न्हाय," अण्णा शांतपणे म्हणाले. "मगाशी दाबला तसा दाब."

आईनं दाबला. पट्टी टोकाला भिडली. तिनं पदर तोंडाला लावला.

तेव्हा माझ्या तोंडून जे आलं ते मी इथं लिहून ठेवते, कारण इतरांना प्रश्न विचारायचा मला फार नाद आहे. मी म्हणाले, "मशीनच लहरी असंल, अण्णा. आपण परत पाठवू."

अण्णांनी आईला उठायची खूण केली. ते खुर्चीत बसले. डाव्या पायानं ब्रेक दाबला, पट्टी टोकाला. उजव्यानं दाबला, निम्म्याच्या खाली. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. आश्चर्य होतं. लहान मूल पहिल्यांदा आपली सावली बघतं तसं.

"आतनं मला वाटतंय, सगळा जोर लावला. दोन्ही पायांचं मला सारखंच वाटतंय. पाय मला खोटं सांगतोय, करुणा. अन् मी तुमाला." मग म्हणाले, "वहीत काय लिवलंस?"

"ब्रेक सदोष."

"खोड ते. साक्षीदार सदोष, असं लिही."

 त्यांनीच माझ्या हातातून पेन घेतलं, आडवी रेघ मारली आणि पेन परत दिलं. मी लिहिलं.

रविवारी सकाळी तात्या आले. टोपी मांडीवर ठेवून त्यांनी टेबलाकडं बघितलं आणि हसले. "काय रं सुभाष, म्हातारपणी खेळाय लागला व्हय?"

"या तात्या. बसा अन् बघा." अण्णांनी त्यांच्यासमोर डावा पाय दाबून दाखवला, मग उजवा.

"हॅत् तिच्या! टीव्हीवरच्या पट्टीचं काय घिऊन बसलास? चांगला चालतोयस, सायकल मारतोयस. अन् तुज्यासारखा दुसरा डायवर हाय कुठं हितं?"

अण्णांनी पाय पेडलावरून खाली घेतला. मग त्यांनी जे सांगितलं ते आईलाही माहीत नव्हतं. "गेल्या हंगामात, कंबर दुखाय लागली त्या दिसांत, कालव्याच्या पुलाच्या उतारावर शाळा सुटल्याली पोरं म्होरं आली. मी उभा ऱ्हाऊन ब्रेक मारला. ट्रॅक्टर थांबला, पर पोरं व्हती त्या जागंच्या म्होरं जाऊन थांबला. पोरं पळाली म्हनून वाचली. मी सगळ्यांना सांगितलं, ट्रॉलीत वझं जास्त व्हतं. वझं न्हवतं, तात्या. पाय व्हता. अन् मला सोताला बी काल कळलं."

तात्यांनी टोपी डोक्यावर घातली, काढली, पुन्हा घातली. अण्णांनी खुंटीवरची किल्ली काढली आणि रिबिनीसकट त्यांच्या हातात ठेवली. वीस वर्षांत ती खुंटी हंगामाच्या तोंडावर पहिल्यांदा रिकामी झाली. तात्यांनी किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. मग म्हणाले, "सर बाजूला. मला बी दाबू दे." धोतर सावरून बसले, ओठ आवळून दाबला. पट्टी टोकाच्या बरीच अलीकडं थांबली.

"आयला! माझा बी पुरा जाईना की!"

"म्हनून तर म्हनतोय," अण्णा म्हणाले, आणि दोघं म्हातारे इतके हसले की मांडणीतले पेले पुन्हा किणकिणले.

अमोलनं संच परत केला नाही. आणखी तीन मागवले. माझं परीक्षण त्याच्या दुकानात आजही भिंतीला लावलेलं आहे: चाक लहान आहे पण खोटं बोलत नाही, क्लच फारच हलका आहे, गुळगुळीत फरशीवर पेडलांमागं दगड लावावा, आणि ब्रेक दुकानातल्या कुठल्याही माणसापेक्षा प्रामाणिक आहे. त्याला हवं असलेलं "बारामतीत प्रथमच" मी लिहिलं नाही, कारण ते मी तपासलं नव्हतं. अण्णा पुन्हा ट्रॅक्टरवर बसले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करून त्यांची पट्टी पुढच्या वर्षी निम्म्याच्या वर गेली. ते रोज एसटीनं बारामतीला जातात आणि दुकानात पहिल्या खुर्चीमागं उभे राहतात. आलेल्या प्रत्येक पोराला आधी ब्रेक पूर्ण दाबायला लावतात आणि मगच गाडी सुरू करू देतात. पोरं त्यांना ब्रेकआबा म्हणतात.

पुढच्या आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळ्यातल्या मुक्कामाची, सांगता झाली, तेव्हा विहाराच्या दारात मी एक पत्रक वाटलं. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत लहान पत्रक. तळाशी नाव अण्णांचं होतं, कारण पाहिलं त्यांनी होतं. आई ते वाचताना आधी तळाकडं गेली आणि तिथंच थांबली. त्याची एक प्रत पेटीत सर्वांत वर आहे. तेच आवाहन आज तुम्हाला करते. तुमच्याकडं चाक आणि पेडलांचा संच नसेल. वजनकाटा असेल, नसला तर दवाखान्यातून मागून आणा. भिंतीला उभा टेकवा, घरातल्या चालकाला समोर खुर्चीत बसवा आणि आधी डाव्या, मग उजव्या पायानं पूर्ण जोर लावून काटा दाबायला सांगा. दोन्ही आकडे लिहून ठेवा. फरक मोठा निघाला, तर गाडीची किल्ली खुंटीला अडकवा आणि डॉक्टरांकडं जा. आणि आकडा चुकीचा वाटला, तर काट्याला नावं ठेवण्याआधी आईला दाबायला सांगा.